जुनं फर्निचर नव्या घरात न्यायचं की काढून टाकायचं? (गिरगावातून बोलतेय)

शेवंती | १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

नमस्कार. गेले दोन महिने आमच्या घरात एकाच विषयावर बोलणं चाललंय आणि दर वेळी ते अर्धवट राहतं. म्हणून इथे विचारते.

आमची गिरगावातली चाळ तीन वर्षांपूर्वी पाडली. तेव्हापासून आम्ही बोरिवलीला भाड्याने राहतोय आणि मोठं सामान दिरांच्या भिवंडीच्या गाळ्यात पडून आहे. त्याच जागी झालेल्या नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर ४०५ फुटांचं घर मिळतंय. दिवाळीनंतर किल्ल्या.

सामान असं आहे. सासऱ्यांनी १९५८ साली करून घेतलेलं सागवानी कपाट, साडेसहा फूट उंच, एका दाराला पूर्ण आरसा. खाली खण असलेला एक दिवाण. वेताच्या बैठकीच्या दोन हातांच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचं वेत फाटलंय. आणि १९८९ मध्ये ह्यांनी हौसेने करवून घेतलेली सनमायकाची शोकेस, ज्यात आमचा पहिला रंगीत टीव्ही होता.

मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. तिने एका डिझायनरकडून आराखडा काढून घेतलाय. सगळं भिंतीत बसणारं, फिकट रंगाचं, टीव्हीच्या मागे उभ्या पट्ट्यांचं पॅनल. दिसायला सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या आराखड्यात जुन्यातलं काहीच नाही. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, "कपाट कुठे दिसत नाही यात." आणि गप्प बसल्या. ते गप्प बसणं मला फार लागलं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. काय ठेवलंत, काय काढलंत, कशावरून ठरवलंत?

कांदेपोहे | १७ ऑगस्ट, रात्री १०.४१

ठेवा. असं सागवान आता त्या भावात मिळणार नाही.

मोगरा_४२१ | १७ ऑगस्ट, रात्री ११.३०

शेवंतीताई, मी उलट बाजूने लिहिते, राग मानू नका.

माझ्या सासरी आजेसासऱ्यांचा शिसवी पलंग होता. साडेसहा बाय पाच, चार खांब, डोक्याकडे कोरलेली वेलबुट्टी. घर माहीमला, ३८० फूट. त्या पलंगापायी बेडरूमचं दार अर्धंच उघडायचं. खाली झाडू जायचा नाही, ओणवं होऊन हाताने पुसावं लागायचं. वेलबुट्टीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढायची. आलं-गेलेलं कोणीही म्हणायचं, "काय पलंग आहे हो!" आधीच्या पिढ्या त्यावर झोपल्या. मी तो सतरा वर्षं पुसला.

शेवटी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराला दाखवला. त्याने चांगली किंमत दिली, खांब सुटे करून नेला. त्या रात्री आम्ही जमिनीवर गाद्या टाकून झोपलो आणि खोली केवढी मोठी आहे ते पहिल्यांदा कळलं. मला पश्चात्ताप नाही.

जुनं जपायचं असं सगळे म्हणतात. ते जपायला कोणाचे हात लागतात, तेवढं आधी विचारा.

रंधा | १८ ऑगस्ट, सकाळी ७.१५

माझा धंदाच हा आहे. वडील सुतार होते, मी जोगेश्वरीला फर्निचरचं काम करतो, नवं पण आणि दुरुस्तीचं पण. त्यामुळे दोन्हीकडून कमावतो. मोगराताईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. जी वस्तू रोज अंगावर येते ती सागवानी असो नाहीतर चंदनाची, घरात नको.

पण ताई, ठरवण्याआधी भिवंडीला जाऊन एकदा सामान नीट तपासा. सोबत टॉर्च, कापूस आणि थोडं स्पिरिट न्या.

पहिलं म्हणजे कड बघायची. फळीच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी किंवा थर दिसले तर वर नुसतं पातळ विनियर आहे. १९५८ चं कपाट बहुतेक भरीव असेल, पण मागची फळी आणि खणांचे तळ बऱ्याचदा हलक्या लाकडाचे असतात. त्याने बिघडत नाही, ते बदलता येतात.

मग कीड. बोररची बारीक भोकं दिसतील. भोकाचा आतला रंग काळपट असेल तर ते जुनं प्रकरण. आत पांढरं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर किडा अजून आत जिवंत आहे. सागाच्या गाभ्यात तेल असतं, त्याला कीड सहसा लागत नाही. पण सालीजवळचा पांढरट भाग सुताराने वापरला असेल तर तेवढाच पोखरतो. औषध सिरिंजने भोकात सोडतात, मेणाने भोकं बुजवतात आणि दोन-तीन महिने भुकटी पडते का ते बघतात. हे केल्याशिवाय नव्या घरात अजिबात नेऊ नका, नाहीतर नव्या कामालाही लागेल.

मग सांधे. त्या काळी सरस लावायचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला डिंक. सरस गरम पाण्याने सैल होतो, म्हणजे सांधा न मोडता उघडतो, साफ करून परत बसवता येतो. फेव्हिकॉलने घट्ट चिकटवलेला सांधा असा सुखासुखी उघडत नाही, लाकूडच फाटतं. जुन्या कामाची दुरुस्ती होते ती या एका कारणाने. ते बनवतानाच पुन्हा उघडायची सोय ठेवली होती.

शेवटी पॉलिश. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून न दिसणाऱ्या कोपऱ्यावर घासा. चिकट होऊन कापूस तपकिरी झाला तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. ते स्पिरिटने विरघळतं, त्यामुळे डागापुरतीच दुरुस्ती जमते, अख्खं घासावं लागत नाही. काही झालं नाही तर मागाहून कोणीतरी मेलामाइनचं पॉलिश मारलंय. आणि चपडा पावसाळ्यात अजिबात मारून घेऊ नका. हवेतली ओल धरून पांढरट पडतो. दसऱ्यानंतरच.

शोकेसचं मात्र स्पष्ट सांगतो. १९८९ ची सनमायका कडांना सुटली असणार आणि आत ब्लॉकबोर्ड असणार. ती सोडून द्या.

आता नव्या कामाबद्दल. डिझायनरला एकच विचारा, आत काय वापरणार? प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि नंबर बघा. ३०३ हा साधा घरगुती वापराचा प्लाय, त्यातही उकळतं पाणी सोसणारा (बीडब्ल्यूआर) वेगळा येतो. ७१० म्हणजे मरीन. ७१० ची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात करतात, ३०३ मधल्या बीडब्ल्यूआरची ८ तास. वर लॅमिनेट चढवलं की ३०३, ७१० आणि भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड, बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. फरक चौथ्या पावसाळ्यात, सिंकखाली कळतो.

अबोली | १८ ऑगस्ट, सकाळी ९.०२

रंधाभाऊ, हा प्रतिसाद कापून ठेवण्यासारखा आहे. मनापासून आभार.

कलिन्याचा | १८ ऑगस्ट, दुपारी १.४५

पाण्याचा विषय निघालाय म्हणून.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमचं घर कलिन्यात तळमजल्यावर, घरात पाणी छातीपर्यंत. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली. पाणी उतरल्यावर खाली आलो तर कॉम्प्युटरचं टेबल चहात बुडवलेल्या टोस्टसारखं फुगलेलं. हात लावला आणि कोपरा हातात आला. भुसा होता नुसता. टीव्हीचं युनिट तसंच. लोखंडी कपाट उभं राहिलं, पण वर्षभरात तळ गंजून गेला.

आईचं जेवणाचं सागवानी टेबल चिखलातून बाहेर काढलं, नळीने धुतलं आणि जिन्याखाली सावलीत ठेवलं. उन्हात ठेवू नका असं सांगणारे एक शेजारी काका होते, त्यांचे उपकार. महिनाभर ते वाळत होतं. एक फळी किंचित उचलली गेली, तिथे आजही ताट ठेवलं की डुगडुगतं. आम्ही पाहुण्यांना त्या बाजूला बसवत नाही, एवढंच.

त्या टेबलावर माझ्या मुलाने परवा दहावीचा अभ्यास केला. मी ते काढणार नाही.

मोगरा_४२१ | १८ ऑगस्ट, दुपारी २.१०

कलिन्याचा, तुमचं टेबल रोज वापरात आहे, म्हणून ते घरातलं आहे. माझ्या पलंगाचं तसं नव्हतं. मला हाच फरक म्हणायचा होता.

वरळी_नाका | १८ ऑगस्ट, रात्री ९.५०

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० फुटांच्या खोलीत सात माणसं. आता ५०० फुटांचं घर.

जुन्या खोलीत एक लोखंडी कॉट होती, हिरवा रंग, तीनदा मारलेला. वर आजी, खाली आम्ही दोघे भाऊ. कॉटखाली झोपणाऱ्याला पावसाळ्यात गारवा आणि उन्हाळ्यात उकाडा. आमच्या घरातली एकही वस्तू कोणी "निवडली" नव्हती. काही काकांनी दिलं, काही गावाहून आलं, काही मिलमधून कोणी निवृत्त झाला तेव्हा मिळालं. जागा असेल तिथे वस्तू, आणि वस्तू असेल तसं आयुष्य.

नव्या घरासाठी आई आणि मी सोफा बघायला गेलो तेव्हा ती प्रत्येक सोफ्यावर बसून बघत होती. एकेकावर पाच-पाच मिनिटं. सत्तर वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं की तुला कुठला आवडतो. तिने मोरपंखी रंगाचा घेतला. त्याला फॅशनच्या मागे लागणं म्हणू नका, प्लीज. मी हात जोडून सांगतो.

शेवंतीताईंच्या मुलीचाही थोडा विचार व्हावा.

शेवंती | १८ ऑगस्ट, रात्री १०.३०

वरळी_नाका, डोळ्यांत पाणी आलं. मुलीला हे दाखवते.

पार्लेकर | १९ ऑगस्ट, सकाळी ८.४०

सगळं वाचलं. सुट्या भागांच्या, घरी आणून जोडायच्या फर्निचरची हल्ली जी चलती आहे त्यावर थोडं.

आमच्याकडे इराण्याच्या हॉटेलातल्या चार खुर्च्या आहेत. दक्षिण मुंबईतलं एक इराणी बंद झालं तेव्हा वडिलांनी घेतल्या. गोल बैठक, पाठीला वाकवलेल्या दोन कमानी. अशी खुर्ची मुळात व्हिएन्नाच्या थोनेटची, १८५९ सालची, १४ नंबरची. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचे. अख्ख्या खुर्चीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या सुट्या करून बसायच्या. म्हणूनच ती जगभर पोचली आणि तिच्यासारख्या खुर्च्या आपल्या इराण्यांकडेही आल्या. सुटं करून नेणं म्हणजे तकलादू असं मुळीच नाही. स्क्रू लाकडात किती वेळा आवळता येतो, यावर सगळं आहे. आमच्या खुर्च्यांचे मी दर दोन वर्षांनी आवळतो आणि अजून पकड तशीच आहे. पार्टिकल बोर्डातला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तितका धरत नाही. भाड्याची घरं बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरं, वेताच्या खुर्च्या टाकू नका. दुकानांमधून सध्या वेताची जाळी लावलेली कपाटं आणि खुर्च्या नव्याने मिरवतायत. तुमच्याकडे अस्सल आहे.

अबोली | १९ ऑगस्ट, सकाळी १०.१५

आणि त्या खुर्च्या आजींसाठी ठेवा. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आमचा नवा एल आकाराचा सोफा तिला निरुपयोगी ठरला. बैठक खोल आणि बुटकी, हात टेकायला काही नाही. दोघांनी धरून उठवायला लागायचं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, बैठक जमिनीपासून अठरा इंचांच्या आसपास हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. माळ्यावरची आजोबांची खुर्ची काढून मोजली तर बरोबर साडेसतरा. आई तीन महिने त्या खुर्चीवर बसून स्वतःची स्वतः उठली. सोफा घेताना आम्ही रंग बघितला, कापड बघितलं, उंची बघायचं कोणाला सुचलं नाही.

कांदेपोहे | १९ ऑगस्ट, सकाळी १०.२०

+१. लगेच घरच्या खुर्च्या मोजल्या. सोफा साडेचौदा इंच!

तीच_मुलगी | १९ ऑगस्ट, रात्री ११.५५

मी शेवंतीची मुलगी. आईने धागा दाखवला. मलाही काही सांगायचंय.

मला कपाट आवडत नाही असं कोणी धरून चालू नका. चाळीतल्या खोलीत माझं अंथरूण त्या कपाटासमोर पडायचं. चोवीस वर्षं. रात्री कूस बदलली की डावा पाय कपाटाच्या पायाला आपटायचा. आजीच्या साड्या काढायच्या म्हणजे माझी गादी गुंडाळायला हवी. बारावीच्या परीक्षेच्या काळात कोणी ना कोणी सकाळी सहाला कपाट उघडायचंच, कारण सगळ्या घराचं सगळं त्याच्यातच होतं.

मला नवीन फर्निचर नकोय. मला मोकळी जमीन हवीय. आराखड्यात कपाट नाही कारण मी डिझायनरला एकच सांगितलं होतं, मधली फरशी रिकामी दिसू दे. आजी गप्प बसली ते मी पण बघितलं. मी पण त्या रात्री झोपले नाही.

रंधाकाका, एक विचारते. ते कपाट नऊ मजले वर नेता येईल का? लिफ्टमध्ये मावणार नाही असं डिझायनर म्हणतो.

रंधा | २० ऑगस्ट, सकाळी ६.५०

बेटा, चाळीच्या जिन्याने ते वर कसं चढवलं होतं, हे आजीला विचार. चाळीचे जिने अडीच-तीन फुटांचे, मध्ये वळण. साडेसहा फुटांचं अख्खं कपाट तिथून वळलंच नसतं. ते बहुतेक सुटं होत असणार. वरचा मुकुट आधी वर उचलून बघा. खिळा दिसला तर थांबा आणि जाणता माणूस बोलवा.

मोगरा_४२१ | २० ऑगस्ट, सकाळी ९.३०

तीच_मुलगी, तुझं वाचून खूप बरं वाटलं. हे घरात मोठ्याने बोल. आजी समजून घेतील.

शेवंती | २४ ऑगस्ट, रात्री ९.१५

काल आम्ही तिघी भिवंडीला गेलो. सासूबाई हट्टाने आल्या, टॅक्सीत दीड तास बसून.

दिवाण गेला. खालच्या फळ्या चाळणीसारख्या झाल्यात, झटकलं की भुकटी पडते. फक्त पुढची लांब पट्टी ठणठणीत आहे. शोकेसला मुलीने आणि मी हात लावला तोच सनमायका सोलली गेली. ह्यांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, जाऊ दे, माझी हौस तेव्हाच फिटली.

कपाटाला एकही ताजं भोक नाही. स्पिरिटचा कापूस तपकिरी झाला. आणि सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तीन हमालांनी तीन खेपांत आणलं होतं." मुकुट वर उचलला, निघाला. मधला भाग खालच्या खणाच्या बैठकीवर चार लाकडी खुंट्यांनी बसवलेला होता. खिळा नाही की स्क्रू नाही. सासूबाई खुर्चीवर बसून बोटाने दाखवत होत्या, आधी ती काढ, मग ही. सदुसष्ट वर्षांनी त्यांच्या लक्षात होतं.

परत येताना मुलगी म्हणाली, एवढं सुटं होतं तर माझ्या खोलीत भिंतीलगत बसेल. मधली फरशी मोकळी राहील. डिझायनरला तिनेच फोन केला. तिच्या खोलीतला नवा वॉर्डरोब रद्द, बाकी आराखडा आहे तसा.

पार्लेकर | २४ ऑगस्ट, रात्री १०.००

वा! पॉलिशचं काय केलंत ते नक्की लिहा.

शेवंती | ११ जानेवारी, सायंकाळी ५.३०

उशिराने लिहितेय, पण घर लागलं.

कपाट नोव्हेंबरमध्ये पॉलिश करून लिफ्टने तीन खेपांत वर आलं. जोडलं, भिंतीला लावलं, आणि नवीनच पंचाईत. दार उघडून हात सोडला की आपोआप मिटायचं. चाळीत कधी असं झालं नव्हतं. मुलगी म्हणाली बिजागऱ्या बिघडल्या. सुताराने पातळीची नळी ठेवून बघितली, कपाट मागे झुकलेलं. मग त्याने चारही पाय मोजले. मागचे दोन पाय पुढच्यांपेक्षा पाऊण इंचाने आखूड आहेत, करवतीने नीट कापलेले.

सासूबाईंना तेही आठवत होतं. चाळीची जमीन लाकडी तुळयांवरची, मधोमध दबलेली. कपाटाचे पुढचे पाय खोलगटात जायचे आणि ते पुढे कलायचं. म्हणून सासऱ्यांनी सुताराकडून मागचे पाय कापून घेतले होते. तेव्हा कपाट आणून आठ दिवसही झाले नव्हते आणि नव्या कपाटाला करवत लावली म्हणून त्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

दिवाणाची ती एक चांगली पट्टी मी सांभाळून ठेवली होती. सुताराने तिचेच दोन ठोकळे कापले, पाऊण इंचाचे, आणि मागच्या पायांना खालून बसवले. रंधाभाऊ, तुम्ही म्हणाल्याप्रमाणे सरसच लावायला सांगितला. रंग अगदी जुळत नाही, थोडा उजळ आहे.

काल मुलीने आरशाचं दार पूर्ण उघडलं, हात सोडला आणि बघत उभी राहिली. दार होतं तिथेच थांबलं.

आता एक मदत हवी. फाटलेल्या खुर्चीचं वेत विणणारा कोणी गिरगाव-दादर भागात आहे का? पूर्वी एक दृष्टिहीन काका चाळीत येऊन विणून द्यायचे, अंगणात बसून, बोटांनी घरं मोजत. नव्या इमारतीत वॉचमन फेरीवाल्यांना आत सोडत नाहीत. मी खुर्ची घेऊन जायला तयार आहे.